कॉटखालच्या वाट्या

आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, असं म्हणतात. थोरलीने मात्र तो मुंगीच्याच पावलांनी येताना पाहिला. दुपारी आईचा डबा घेऊन ती वॉर्डात शिरली, तर कोपऱ्यातल्या रिकाम्या कॉटवरून एक बारीक, पिवळसर रांग निघाली होती. भिंतीच्या कडेने ती आईच्या कॉटवर चढत होती आणि आईच्या पोटावरच्या ड्रेसिंगपाशी दिसेनाशी होत होती.

त्या कोपऱ्यात काकू असायच्या. आईशी त्यांची चांगलीच गट्टी जमली होती. जखम चिघळली आणि कालच त्या गेल्या.

"या मुंग्या एकीच्या जखमेतले जंतू दुसरीच्या जखमेत नेतात," सिस्टर ड्रेसिंग बदलता बदलता म्हणाली. "औषध फवारून झालं, तरी जात नाहीत मेल्या."

आईला ताप चढला होता. आईची गत काकूंसारखी व्हायला वेळ लागणार नव्हता. थोरली तडक घरी गेली, चार खोलगट वाट्या घेऊन आली, कॉट भिंतीपासून लांब ओढली आणि चारही पायांखाली पाणी भरलेल्या वाट्या सरकवल्या.

"अगं, हॉस्पिटल आहे की दुधातुपाचं फडताळ?" सिस्टर हसली. पण वाकून बघायला तीही विसरली नाही. रांग पाण्याशी आली, घुटमळली आणि परत फिरली.

दुसऱ्या दिवशी थोरली आली ती जीव मुठीत धरूनच. आईचा ताप उतरला होता. तिला रडूच फुटलं.

"रडतेस काय, वेडाबाई? काकू मात्र चिडल्यात हं तुझ्यावर."

"कोण काकू?"

"कोपऱ्यातल्या. म्हणाल्या, तुझ्या लेकीने वाट अडवली... आता मलाच यावं लागणार."

"आई... स्वप्न पडलं असेल तुला."

"असेल बाई," म्हणत आईने डोळे मिटले.

थोरलीने खाली वाकून पाहिलं. वाट्या जागच्या जागी होत्या, पाणी नितळ होतं, आसपास एकही मुंगी नव्हती. तिचा जीव भांड्यात पडला. चादर सारखी करायला ती उठली, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की आई अगदी कडेला अंग चोरून झोपली आहे.

"आई, मधे सरक ना. पडशील."

"कुठे सरकू..." आई डोळे न उघडताच पुटपुटली. "जागा कुठाय?"

उरलेल्या अर्ध्या उशीला खोल खळगा पडला होता. त्या खळग्यातून बारीक, पिवळसर रांग निघाली होती आणि आईच्या ड्रेसिंगखाली शिरत होती.