तीन तिरक्या चिरा

लेकीने दुसऱ्यांदा टाहो फोडला, तरी सुनेने तिला छातीशी घेतलं नाही. पाळण्यात ठेवून, दुधाची बाटली तिच्या तोंडाशी लावून ती भिंतीकडे मान वळवून उभी राहिली... कारण त्या इवल्या तोंडाकडे पाहिलं असतं, तर चार दिवसांचा तिचा निग्रह क्षणात वाहून गेला असता.

"काळीज आहे की दगड?" पिठाने भरलेल्या हातांनी सासूबाई दारात उभ्या होत्या. "अकरा महिन्यांची पोर ती. एकदम असं अंगावरचं तोडतात का कुणी?"

"बाटलीची सवय व्हायला हवी, आई."

"का बरं? तुला कुठल्या कचेरीत जायचंय?"

सुनेने बाटली जरा आणखी तिरकी केली. छातीत दूध दाटून गाठी झाल्या होत्या, अंगात कणकण होती, आणि लेक रडली की कपडे भिजत होते. देहाला कुठे ठाऊक असतं, की शनिवारी दुपारी बारा वाजता नदीवरचा पूल बंद होणार आहे ते!

ती पलीकडच्या तीरावरची. तीन वर्षांपूर्वी पुलावरून ये-जा करणाऱ्या एका ट्रकवाल्याशी लग्न करून ती या पावाच्या दुकानात आली, तेव्हा दोन्ही तीरांवरची माणसं एकमेकांच्या बाजारात घासाघीस करत होती. आता रेडिओवर रोज सैन्याच्या हालचाली. दुकानापुढच्या रांगेत माणसं गरजेच्या दुप्पट पाव मागायची आणि जाता जाता टोमणा मारायची, "काय हो, तुमच्या पावाला हल्ली पलीकडचं मीठ लागतं." सासूबाई तिथल्या तिथे म्हणायच्या, "मग नेऊ नका घरी, रक्तदाब वाढेल." पण हे टोमणे सुरू झाल्यापासून त्यांनी सुनेला पुढच्या गल्ल्यावर येऊ दिलं नव्हतं. तिच्या नवऱ्याचा ट्रक सरकारने महिन्यापूर्वी त्याच्यासकट सीमेवर नेला. जाताना तो म्हणाला होता, "आईची जीभ भट्टीसारखी आहे. पोळते, पण पाव तिथूनच निघतो."

मागच्या आठवड्यात पीठ फुगवणाऱ्या खमिराचा डबा उघडताना सुनेला त्यात घडी घातलेला एक कागद सापडला. छावणीला पाव पुरवण्याचं कंत्राट. यापुढे पीठ आधी छावणीच्या कंत्राटदारांना मिळणार होतं, उरलंसुरलं बाकीच्यांना. कंत्राट नाही म्हणजे भट्टी थंड. आणि शेवटची अट अशी, की पलीकडे जन्मलेलं कुणीही त्या भट्टीच्या छताखाली राहता कामा नये. खाली सहीची जागा कोरी होती.

सासूबाईंनी फाडलाही नव्हता आणि तिला दाखवलाही नव्हता तो कागद. सुनेला त्या मौनाचा अर्थ कळला, निदान तिला तसं वाटलं... आपण होऊन निघून जावं, एवढीच त्यांची अपेक्षा असणार. वृद्ध सासू, सीमेवरचा नवरा, पाळण्यातली लेक, सगळी एका भट्टीच्या उबेवर जगणारी. आपण एकटीने उठून गेलो तर ही ऊब टिकेल. लेकीच्या कागदांवर याच तीराचा शिक्का होता. पुलावरून तिला नेता येणार नव्हतं. म्हणून तर ही बाटली.

शनिवारी पहाटे छावणीसाठी नमुन्याचा पहिला घाणा लावायचा होता, सही त्यानंतर. पावाच्या गोळ्यावर, तो भट्टीत सरकवण्याआधी, पात्याने चीर द्यावी लागते. नाहीतर तो फुगताना वेडावाकडा फाटतो. या दुकानाची चीर फुलीची, सासूबाईंच्या सासऱ्यांपासूनची. पलीकडे तीन तिरक्या चिरा देतात. आल्याच्या पहिल्या दिवशीच सासूबाईंनी बजावलं होतं, "इथे आमचीच चीर चालते हं." तीन वर्षं सुनेचा हात चुकला नव्हता.

त्या पहाटे सासूबाई पुढे गल्ल्यावर होत्या आणि पाळण्यातली लेक झोपेतच ओठ हलवत होती. पीठ मळताना, गोळे मांडताना सुनेचं सगळं लक्ष त्या ओठांवर होतं. पातं आपलं चालत राहिलं...

आठला छावणीच्या कोठीचा कारकून हातगाडी घेऊन आला. पाव पालथे करून, ठोकून बघणारा चौकस माणूस. पहिल्याच ट्रेवर त्याचा हात थांबला.

"हे काय, मावशी?"

एकूण एक पावावर खरपूस भाजलेल्या तीन तिरक्या चिरा फुलल्या होत्या.

"ही पलीकडची चीर आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "छावणीत हे पाव नेले तर माझी नोकरी जाईल. चूक झाली म्हणा, दुसरा घाणा लावा, आणि त्या कागदावर सही करा. मी काही पाहिलं नाही."

सून मागच्या खोलीतून धावत बाहेर आली.

"चूक माझी आहे, साहेब. यांचा काही दोष नाही. मी आज बाराच्या आत पूल ओलांडणार आहे, सामान बांधून तयार आहे. कंत्राट यांनाच द्या."

सासूबाईंनी दारामागची पिशवी पाहिली. मग पाळण्याशेजारची बाटली पाहिली. गल्ल्याच्या लाकडावर त्यांनी हात टेकला.

"म्हणून दूध तोडलंस?"



"तो कागद मी वाचला, आई. तुमच्यावर सांगायची वेळ येऊ नये म्हणून..."

"अगं, मला काय सांगायचं होतं हे मलाच कुठे कळत होतं?" सासूबाई म्हणाल्या. "आठ दिवस रोज तो डबा उघडत होते. सही करायला हात धजेना, फाडायलाही धजेना. भट्टी विझली तर तुम्हाला काय खाऊ घालू, याच घोरात होते मी. आणि तू इकडे पोरीला आईवाचून जगायला शिकवत होतीस. तुलाच दगड म्हटलं गं मी."

त्यांनी खमिराच्या डब्यातून कागद काढला आणि घड्यांवरूनच त्याचे चार तुकडे केले.

"मावशी, पीठ मिळायचं नाही," कारकून म्हणाला. त्याच्या स्वरात धमकी नव्हती, काळजीच होती.

"मिळेल तेवढ्यात भागवू. चार घरचं शिवण आणीन. आणि ही चीर माझ्या सुनेची आहे, लिहून घ्या हवं तर." जाताना त्यांनी त्याच्या हातात एक पाव ठेवला. "हा छावणीसाठी नाही. तुमच्या मुलांना."

तो पाव त्याने कोटाच्या आत लपवला आणि रिकामी गाडी ढकलत तो गेला.

लेकीला आता जाग आली होती. सासूबाईंनीच तिला उचलून सुनेच्या मांडीवर दिलं. पोरीने आधी तोंड फिरवलं, बाटलीच्या दिशेने हात केला... सुनेच्या डोळ्यांतून घळाघळा धारा लागल्या.

"रडू नकोस, रडलीस की तीही बिचकते. चार दिवसांत आईला विसरत नाहीत पोरं. थांब जरा."

लेकीने एकदा हुंगलं. मग दोन्ही मुठींनी आईला घट्ट धरलं, आणि त्या दुखऱ्या, दाटलेल्या छातीतून पान्हा असा धावला, की पोरीला ठसका लागला.

बाराला पुलाचा भोंगा वाजला. लांबलचक, खोल. पलीकडे सुनेची स्वतःची आई आज पुलाच्या टोकाशी येऊन उभी राहणार होती. किती वेळ वाट पाहील ती? सुनेने डोळे मिटले. सासूबाईंना ते समजलं. फळीवर पिठाचा शेवटचा गोळा उरला होता. त्यांनी पातं उचललं, आणि चाळीस वर्षं फुली मारत आलेल्या हाताने त्यावर एक तिरकी चीर ओढली, मग दुसरी, मग तिसरी.

"बघ गं, जमलं का?"

सुनेने ओल्या डोळ्यांनी पाहिलं. चिरा एकमेकींना टेकल्या होत्या.

"थोडं अंतर ठेवायचं असतं, आई, मधे."

"नको," सासूबाई म्हणाल्या, "राहू देत अशाच." आणि त्यांनी तो पाव भट्टीत सरकवला.