जास्तीचे आठशे किलोमीटर

“ओढू नका, ती अशी सुटणार नाही.”

ती दचकून मागे वळली. पाच मिनिटं ती ऑफिसच्या इमारतीखालच्या चार्जरच्या केबलशी झटत होती आणि केबल काही केल्या गाडीला सोडेना. मागे खांद्याला बॅग लावलेला एकजण उभा होता, हसू दाबत.

“गाडी लॉक आहे तुमची. आधी उघडा, मग केबल सुटेल.”

तिनं बटण दाबलं. केबल अलगद हातात आली आणि तिचे कान लाल झाले.

“तुमचीही इलेक्ट्रिक आहे का?”

“छे. मी बसवाला. दुसऱ्या मजल्यावर जमीन-मोजणीच्या ऑफिसात असतो, खिडकीतून तुम्हा लोकांची गंमत बघतो.” त्यानं रस्त्याकडे पाहिलं. “आज गंमत बघण्यात बस गेली.”

“मग सोडते ना. कुठे राहता?”

“पाण्याच्या टाकीपलीकडे.”

“माझ्या वाटेवरच आहे,” ती म्हणाली.

वाटेवर कसलं? तिचं घर अगदी उलट्या दिशेला होतं. पण बोलून गेली खरी, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चार्जरपाशी उभा दिसल्यावर खोटं निस्तरायचं कसं, म्हणून तेच पुढे चालवलं. दोनशे दिवस चालवलं.

गाडी इवलीशी. वर्षाच्या करारावर भाड्यानं घेतलेली, कारण विकत घ्यायची म्हटलं की ती विषय बदलायची. नोकरी असो, पडदे असोत, कायमचं काही ठरवायची वेळ आली की ती उठून पाणी प्यायला जायची. जिच्याकडे ती राहत होती ती मावशी गाडीला ‘डबी’ म्हणायची, आणि केबल लावता लावता टोमणेही मारायची. “डबीला हल्ली रोजच भूक लागते गं. आणि तू मात्र दोन घास खाऊन उठतेस.”

डबीला इंजिनाचा आवाज नव्हता. त्यामुळे आतलं सगळं ऐकू यायचं… त्याच्या बॅगेतल्या चाव्या, काही बोलायच्या आधी त्यानं घेतलेला श्वास. बॅटरी पुरावी म्हणून ती एसी बंद ठेवायची. तो घामाघूम व्हायचा, पण काच खाली करून “छान वारं आहे” म्हणायचा. एकदा त्यानं विचारलं, “पहिल्या मजल्यावर दिवसभर लोकांचे कान तपासता, म्हणजे करता काय?”

“आवाज कमी कमी करत नेते. ऐकू आला की त्यांनी हात वर करायचा.”

“आणि नाही आला तर?”

“तर मी थांबते. पुन्हा ऐकवते.”



आणि आज सकाळी गाडीच्या कंपनीतून फोन आला. वर्ष संपत आलंय, शनिवारी गाडी परत द्या, नाहीतर आजच नव्या कराराचा फॉर्म भरा. आणि मॅडम, रोजचं अंतर या वेळी खरं लिहा, आठ हजार किलोमीटरची मर्यादा तुम्ही कधीच ओलांडलीय.

दिवसभर तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका आजोबांचा उजवा कान तिनं दोनदा तपासला आणि डावा विसरली. गाडी गेली तर संध्याकाळ गेली. आणि खरं अंतर लिहायचं म्हणजे… ती पाणी प्यायला उठली.

संध्याकाळी गाडीत बसताच त्यानं पुढ्यातला फॉर्म उचलला. “द्या, मी भरतो. तुम्ही चालवा. रोजचं अंतर?”

“बावीस. जाऊन-येऊन.”

पेन थांबलं. तो किलोमीटरच्या आकड्याकडे पाहत होता. “दहा हजार एकशे. बावीसनं इतके होत नाहीत.”

“मावशीला फिरवते.”

“मी मोजणीदार आहे हो. तुमचं घर माझ्या वाटेवर नाही, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.”

समोरचा सिग्नल हिरवा होता की लाल, हेही तिला क्षणभर कळेना. “मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर बस पकडावी लागली असती.” तो खिडकीकडे वळला. “शिवाय मी कुठल्या तोंडानं बोलणार? तुम्ही मला जिथे सोडता ना… तिथे मी राहत नाही.”

“म्हणजे?”

“माझं घर दोन किलोमीटर आधीच येतं. पहिल्या दिवशी सांगायचं राहून गेलं. मग मुद्दामच राहू दिलं. तुम्ही गेलात की मी चालत मागे येतो. दोन जाताना, दोन तुम्ही परत येताना. दोनशे दिवस. यातले आठशे माझे आहेत.”

दोनशे दिवस तो रोज चालत मागे गेला होता, एसी बंद ठेवलेल्या गाडीत उकडून निघाल्यावर. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. तिनं गाडी कडेला घेतली. ते त्याच्या खऱ्या घरासमोरच आले होते, पण त्यानं दार उघडलं नाही.

“आता काय लिहू?” त्यानं विचारलं. “खरं अंतर चौतीस होतं. माझं खोटं धरलं तर अडतीस.”

“अडतीस लिहा,” ती म्हणाली. “आणि एक नाही, तीन वर्षांचा करार.”

त्यानं लिहिलं. पेनाचं टोपण लावलं. मग काचेकडे तोंड करून, इतक्या हळू की दुसऱ्या कुठल्याही गाडीत ते विरून गेलं असतं, तो म्हणाला, “मला तू फार आवडतेस.”

तिनं स्टिअरिंगवरचा हात उचलला आणि वर केला.