गोलकीपरचं संत्रं

करिश्माला क्लबचा रस्ता दाखवला तो मीच! मोर्शीच्या स्टँडवर बसमधून उतरली आणि नेमकं मलाच विचारलं, "अंबिया फुटबॉल क्लब कुठं आहे?" क्लबला पन्नास वर्षं झाली म्हणून फिल्म करायला अकोल्याहून आली होती. मी शहाणी... थेट मैदानापर्यंत नेऊन सोडलं. समोर उभा प्रीतम, आमचा गोलकीपर.

मग रोज तेच. ती कॅमेरा धरणार आणि हा सांगणार – अंबिया बहाराची संत्री तोडायला आलेल्या पोरांनी क्लब कसा काढला, खोक्यांचे गोलपोस्ट कसे केले, चिंध्यांचा बॉल कसा बांधला. तेही हसून हसून! माझ्याशी बोलताना याला चार शब्द सुचायची मारामार. हाफटाइमची संत्री सोलत मी बाजूला बसायचे आणि जळायचे.

"तोंड काहून फुगलं वं, साधना?" एकदा प्रीतमनं विचारलं.

"मले काय झालं? तू सांग तिले. सगळं सांग."

"संत्र्याचं तेवढं नाही सांगितलं."

"काहून?"

"ते सांगायचं नसते..." तो हळूच म्हणाला, "फेकायचं असते."

तेवढ्यात करिश्मानं हाक मारली आणि हा धावला!

आमच्या क्लबची रीतच आहे. जिंकून देणारा गोल मारणाऱ्याला एक संत्रं मिळतं. ते त्यानं मनातल्या मुलीकडे फेकायचं. तिनं सोललं, तर होकार. बाबांनी आईला असंच मागितलं होतं. पण प्रीतम पडला गोलकीपर, त्याला संत्रं कुठून मिळणार?

रविवारी मिळालं. वरूडच्या टीमशी बरोबरी झाली, पेनल्टीवर आलं, सगळ्यांच्या किक संपल्या आणि शेवटी गोलकीपरची पाळी आली. त्यानं बॉल कोपऱ्यात घातला. मैदान नाचू लागलं.

संत्रं हातात घेऊन तो आमच्या बाजूला वळला. माझ्या शेजारी करिश्मा, डोळ्याला कॅमेरा. मला ते पाहवलंच नाही – मी मान फिरवली.

शिट्ट्या ऐकून पाहिलं, तर संत्रं करिश्माच्या हातात!

"अय्या, गोड दिसतंय!" म्हणत तिनं सालीला नख लावलं.

"सोलू नको!" मी ते हिसकावलंच. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

प्रीतम धापा टाकत आला. "तिच्या हातचं काहून हिसकलं वं?"

"ती असंल तुह्या मनात, तर सांग. वापस देते तिले!"

"नेम तुह्यावरच होता. तूच तोंड फिरवलं..." तो हसला. "पण आता कायले विचारू? हातात पाह्य जरा."

मी खाली पाहिलं. भांडता भांडता माझ्याच बोटांनी अर्धं संत्रं सोलून झालं होतं.

मग राहिलेलंही सोललं, त्याच्या डोळ्यांत पाहत. करिश्मालाही फोड दिली... एकच.