रुद्रेश बोलला तेव्हा

"मॅडम, आधी इकडं या! पोराला कुणीतरी विष चारतंय, अन् तेही माझ्या वॉर्डात!"

लातूरहून डॉक्टर रेणुकादासांचा फोन. फौजदार प्रियदर्शनी पोचल्या तेव्हा सहा वर्षांचा रुद्रेश खाटेवर निपचित पडला होता. पोर स्वमग्न. दुखतंय कुठं, हेही त्याला सांगता यायचं नाही.

"विष कसलं?"

"ड जीवनसत्त्व. बेताचं दिलं तर औषध. अति झालं की रक्तात कॅल्शियम चढतं, मूत्रपिंडं जातात. आम्ही कधीच बंद केलंय, तरी चढतंच आहे. आणखी पोटात गेलं तर पोर हाती लागायचं नाही."

"पाण्यातून देत असतील?"

"छे! ते तेला-तुपात विरघळतं."

घरच्यांनी आईला आधीच गुन्हेगार ठरवलं होतं. नवऱ्यानं, सुदर्शननं, दीपमालाला दोन दिवसांपूर्वीच वॉर्डाबाहेर काढलं होतं. बिचारी जिन्यात बसून होती.

"औषध तूच पाजायचीस?"

"डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, मॅडम. माझ्या लेकराला मीच मारीन का?"

"पहिल्यांदा काय वेगळं दिसलं?"

"सारखा तांब्याकडं धावायचा. त्यातच पहिला शब्द फुटला, 'पाणी'. सासऱ्यांनी गल्लीभर पेढे वाटले हो!"

तेवढ्यात ते सासरे, भुजंगराव, उदगीरहून डबा घेऊन आले. रुद्रेश दुसरं काही तोंडात घालायचाच नाही. ज्वारीची भाकरी कुस्करायची, वर करडईचं तेल. तेलही त्याच्याच छोट्या बाटलीतलं.

प्रियदर्शनींनी डबा उघडला. "आज आधी आपण सगळे चाखू."

सुदर्शननं हात पुढं केला. त्या तेल ओतणार, तोच भुजंगरावांनी बाटली हिसकावली.

"नका सांडू! ते लेकराचं हाय. त्याला कमी पडंल!"



"मारायला टपलेल्यानं भूक नाही म्हणून अंग काढलं असतं," प्रियदर्शनी म्हणाल्या. "तुम्ही तेल वाचवलंत, कारण तुमच्या लेखी ते औषध आहे. आई बाहेर गेली, तरी कॅल्शियम चढतच राहिलं. म्हणजे ती नव्हे. बाहेरून आत येत होता तो फक्त हा डबा. ड जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल फोडून तेलात पिळता ना?"

म्हाताऱ्यानं बाटली छातीशी धरली. "मोबाइलवर बघितलं, यानं पोरं बोलायला लागत्यात. डॉक्टर न्हाई म्हणले, म्हणून लपवलं."

"आणि सुनेवर आळ आला तेव्हा?"

"वाटलं, तीच दुसरं कायतरी देत आसंल. पण मॅडम, लेकरू बोललं की! आता कसं बंद करू?"

प्रियदर्शनींना राग आला होता आणि वाईटही वाटत होतं.

"आबा, कॅल्शियम चढलं की जीव कासावीस करणारी तहान लागते. तुमच्या औषधानं त्याला वाचा फुटली नाही. त्याचा घसा कोरडा पडला होता. तुम्ही पेढे वाटलेत, तेव्हा तो मदत मागत होता."

दीपमाला धावत आत आली. खाटेवरून चिरका आवाज आला, "पाणी."

भुजंगरावांनी दोन्ही कान झाकून घेतले.