जुळवलेला भाव

ऑफिसात त्याला सगळे रफूकाका म्हणायचे. बाजार उद्याच्या भावावर जगतो. रफूकाकाचं पोट मात्र कालच्या भावावर चालायचं.

एखादी कंपनी एका शेअरचे दोन करते, तेव्हा काल चारशेला बंद झालेला शेअर आज दोनशेला उघडतो. कुणाचं काही जात नाही. ज्याच्याकडे एक होता त्याच्याकडे दोन होतात. पण आलेखावर कडा कोसळल्यासारखा दिसतो आणि गिऱ्हाईक घाबरून फोन करतं. म्हणून मागचे सगळे भाव, पार पहिल्या दिवसापर्यंत, अर्धे करायचे. याला जुळवणी म्हणतात. जुळवणी नीट झाली की रेघ एकसंध वाहते, आणि भाव कधी चारशे होता हे सांगूनही कुणाला पटत नाही. खरा, त्या दिवशीचा भाव शेजारच्या रकान्यात पडून राहतो. त्याला कच्चा भाव म्हणतात. तो उघडून बघणारे रफूकाकासारखे एक-दोनच.

"काका, मजा आहे तुमची," साहेब म्हणायचा. साहेब वयाने त्याच्या निम्मा होता आणि जिभेने दुप्पट. "भूतकाळ बदलायचा पगार घेता."

"बदलत नाही साहेब. जुळवतो."

"माझी बायको पण भांडणानंतर अगदी हेच म्हणते."

रफूकाका हसायचा. माणूस हसरा होता, उंच होता, आणि पायात नेहमी तपकिरी रंगाचे, जाड तळाचे जोडे घालायचा. ते जोडे त्याच्या मुलाचे होते.

बापलेकांची उंची एक, पायाचं माप एक. घराच्या दाराला वरची कडी इतकी उंचावर होती, की ज्या सुताराने ती बसवली तो स्वतः बहुधा कधी शिडीवरून खाली उतरलाच नसावा. रफूकाकाची बायको टाचा उंचावून दमायची आणि हाक मारायची, "अहो, कडी!" मग दोघांपैकी जो जवळ असेल तो जाता जाता हात वर करून कडी काढायचा. भिंतीवरच्या फोटोतही बापाच्या कानाला मुलाचा कान टेकलेला होता.

मुलगा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत मेकॅनिक होता. सव्विसाव्या वर्षी एका नव्या इमारतीत लिफ्टच्या पोकळीत पडला. त्या दिवशी कंपनीचा भाव थोडा घसरला आणि आठवड्याभरात वर आला. आलेखावर एक बारीक खाच राहिली. मुलगा गेल्याची जगाने घेतलेली दखल म्हणजे एवढी खाच. रफूकाका रोज काम सुरू करण्याआधी ती एकदा बघून घ्यायचा. घरी बायको जेवताना तिसरं ताट मांडायची, मग उचलायची. जिन्यावर जड पावलं वाजली की हातातलं काम टाकून दाराकडे बघायची. जिन्यावरची जड पावलं नवऱ्याचीच असत, त्याच जोड्यांतली.

आणि मग लिफ्ट कंपनीने एका शेअरचे दोन करायचं जाहीर केलं.

काम रफूकाकाकडेच आलं. एरवी यंत्र एका झटक्यात भागाकार करतं, पण कंपनी जुनी होती, सुरुवातीच्या वर्षांचे भाव कागदावरून उतरवलेले होते. तो वर्षावर्षाने मागे जात, ताडून बघत, अर्धं करत गेला. खाचेपाशी आला तेव्हा हात जरा थांबला. ती अर्धी झाली, पण आलेखावर तेवढीच दिसत राहिली.

"प्रमाण तेच राहतं काका," साहेब मागून म्हणाला. "सगळंच अर्धं झालं की कमी काहीच होत नाही."

दुसऱ्या दिवशी जोडे चावले. त्याच्या पुढच्या दिवशी पाय आत गेला, पण टाच बाहेर राहिली. तो घरातले जुने सँडल घालून निघाला आणि वाटेत जोडे चांभारापुढे ठेवले.

"ओलीने चामडं आवळलंय. जरा ताणून द्या."

चांभाराने जोडा उलटा केला, आत बोटं घालून चाचपलं, शिवण उजेडात धरली.

"आवळलेलं नाही हे. शिवण मूळची आहे. पोराचा जोडा आहे हा."

"माझ्या मुलाचाच आहे."

"तेच म्हणतोय. दहा-बारा वर्षांचा असेल ना? तुमचा पाय यात जाईलच कसा?"

रफूकाकाने जोडे परत पिशवीत घातले. पिशवी हलकी लागली.

घरी बायको खिडकीत बसून पडद्याला टीप घालत होती. गुणगुणत होती. हा आवाज घरात कित्येक दिवस नव्हता. जेवायला तिने दोन ताटं मांडली.

"आज झोप छान लागली दुपारी," ती म्हणाली. "उठल्यावर वाटलं, छातीवरचं कुणी तरी उचलून बाजूला ठेवलंय. सगळं नाही, पण बरंचसं."

त्याने भिंतीकडे बघितलं. फोटोत तो उभा होता, आणि त्याच्या बरगड्यांशी डोकं टेकवून, शाळेच्या वयाचा एक मुलगा. नाक तेच. हसणं तेच. बापाचा हात त्याच्या खांद्यावर होता, आणि त्यासाठी बाप किंचित वाकलेला होता.

"हा फोटो कधीचा गं?"

"असं काय करता? शेवटचा नाही का तो?"

"शेवटच्या वेळी तो सव्वीस वर्षांचा होता. नोकरी करत होता. लिफ्ट बसवायचा."

बायकोने सुई पडद्यात टोचून ठेवली.

"तेरा वर्षांचा होता," ती हळूच म्हणाली. "लिफ्टशी खेळायला गेला होता. तुम्ही उगाच मोठा करता त्याला."

मग तिने नवऱ्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

माणूस हिशेबी होता. जे घडतंय ते का घडतंय, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. काय केल्यावर घडलं, एवढंच बघितलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने लिफ्ट कंपनीचे कच्चे भाव उचलले आणि जुळवलेल्या भावांच्या रकान्यात होते तसे परत ठेवले. आलेखावर कडा कोसळला. पाऊण तासात फोन वाजायला लागले. एक निवृत्त मुख्याध्यापिका ओरडून विचारत होती, की अर्धी पुंजी एका रात्रीत कुणाच्या घशात गेली. साहेब धावत आला, पण तोवर रफूकाका पिशवी उघडून बसला होता.

पिशवी जड होती. जोडे मोठे होते. त्याने तिथेच टेबलाखाली घातले. पाय असा बसला, जसा आपल्या घरात माणूस बसतो. त्या क्षणी तो इतका सुखावला, की साहेब काय बोलतोय ते त्याला ऐकूच आलं नाही.

"काका, चूक झाली असेल तर सुधारा! हसताय काय?"

तो तसाच उठून घरी गेला. जिन्याच्या पहिल्या पायरीवरच त्याला आवाज ऐकू आला. वर शेजारणी जमल्या होत्या. बायको उंबऱ्यात बसली होती, केस सुटलेले, एक हात दाराच्या फळीवर आपटत. तिने त्याच्या जोड्यांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"अहो, आत्ता फोन आला. आपला पडला म्हणतात."

तीन वर्षांपूर्वीचे तेच शब्द. तोच श्वास. मधल्या तीन वर्षांत रडून रडून तिने जे थोडंफार झिजवलं होतं, ते सगळं परत आलं होतं, कोरं.

"चला ना," ती म्हणाली. "उठवा मला. अजून जिवंत असेल."

त्याने तिला उठवलं. पाणी पाजलं. शेजारणींच्या हवाली केलं. मग आला तसा ऑफिसात परत गेला आणि अर्ध्या भावांची फाईल पुन्हा जागेवर ठेवली. फोन थांबले. जोडे पायात आवळायला लागले तसे त्याने ते काढून टेबलाखाली सरकवले.

संध्याकाळी अनवाणी घरी गेला. बायको पडद्याची टीप पुरी करत होती. तिला काही आठवत नव्हतं. पण ती त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"तुम्ही कुणासाठी तरी रडता," ती म्हणाली. "आपल्या मुलासाठी नाही. कुणा मोठ्या माणसासाठी. मला भीती वाटते तुमची. मी माझ्या मुलासाठी रडते, त्यात तुम्ही मला एकटीला टाकता."

एका घरात दोन रकाने चालत नाहीत, हे त्याला कळत होतं. तिला पुन्हा त्या उंबऱ्यात बसवणं त्याच्याने होणार नव्हतं. मग हलायचं कुणी, ते ठरलेलंच होतं.

सकाळी साहेब आपणहून टेबलाशी आला. "काका, कालचा घोळ दोन रकान्यांमुळे झाला. या कंपनीचे कच्चे भाव काढूनच टाका. गिऱ्हाईक गोंधळतं."

"काढतो."

"मूळ कागद?"

"तेही फाडायला देतो."

"एवढ्या सहज?" साहेबाला नवल वाटलं. "मला वाटलं, भांडाल."

रफूकाकाने खाच शेवटची एकदा बघितली. कच्चा रकाना निवडला. यंत्राने विचारलं, नक्की का? त्याने हो म्हटलं.

घरी जाताना जोडे घातले की पिशवीत होते, ते त्याच्या लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा सगळं जिथल्या तिथे होतं. फोटोत शाळेच्या वयाच्या मुलाचा कान पुन्हा बापाच्या कानाला टेकला होता. बायको फोटो पुसत होती.

"तुमच्याएवढाच होता हो उंचीला," ती म्हणाली.

"हो. माप पण एकच," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, बेताचंच, आणि लगेच सुकलं. दोघं फोटोसमोर एकमेकांना लागून उभे राहिले.

मग त्याने तपकिरी जोडे घातले. पाय अलगद आत गेला. कुठे चावलं नाही.

"अहो, कडी!"

त्याने दाराशेजारचं स्टूल ओढलं, त्यावर चढला, हात लांबवून कडी काढली आणि स्टूल परत भिंतीशी सरकवलं.

स्टूल ओढून ओढून फरशीवर दोन चरे पडले होते. चांगले खोल होते, आणि बऱ्याच वर्षांच्या धुळीने भरलेले.