माश्या न बसणारी टाकी

मे महिन्याच्या मध्यावर, एका शनिवारी सकाळी, मुळशी तालुक्यातील ताम्हिणी गावी, घाटरस्त्यालगतच्या बाबालालचाचांच्या ढाब्यामागे निम्मे गाव जमले होते. निमित्त दुःखाचे होते. गोबरगॅसची टाकी विझली होती!

"विझंल न्हाई तर काय व्हईल?" ग्रामपंचायतीचे पाणीवाले कुशाबा गरजले. "ढाब्याचं उष्टं रोज हिच्या पोटात! निस्तं तेल अन् तिखट! मानसाचं पोट बिघडतं, टाकीचं न्हाई बिघडनार?"

लोक हसले. बाबालालचाचा हसले नाहीत. त्यांची मुलगी शमाही नाही.

ही टाकी साधनाआत्याने बांधवली होती. ती शमाची मैत्रीण दिशा हिची आत्या; पुण्यात शेतीवर संशोधन करी. तिची योजना सुबक होती: ढाब्याचे उष्टे आणि गोठ्यांतले शेण टाकीत जावे, गॅस ढाब्याच्या शेगडीला मिळावा, उरलेला पातळ काला, म्हणजे रबडी, खत म्हणून गावातल्या नथूआजोबांच्या भाताच्या वाफ्यात पडावी आणि तोच भात पुन्हा ढाब्यावर शिजावा. काहीही वाया जाऊ नये. नथूआजोबांनी तर त्यापायी पिढीजात रीत सोडायचे कबूल केले होते. ती रीत म्हणजे राब: रोप टाकण्यापूर्वी झाडांच्या फांद्या तोडून, पालापाचोळ्यासह वाफ्यावर रचून भाजणे.

"साधना, म्या शबुद दिला हुता," आजोबा म्हणाले. "पन विझल्या टाकीची रबडी माझ्या वाफ्यात नको. मृगाच्या आत टाकी पेटली न्हाई, तर ऐनाच्या झाडांवर कोयता घालनार अन् राब भाजनार."

गर्दी पांगली. मागे तिघेच उरले: शमा, दिशा आणि सुट्टीसाठी भूगावहून आलेला दिशाचा मावसभाऊ साहिल.

"झाडं जाणार, आत्याचा प्रयोग जाणार," दिशा हळहळली.

"आणि नाव अब्बांचं जाणार!" शमा उसळली. मग ती एकदम थबकली. "ए, इकडे बघा. उष्ट्याच्या ड्रमवर माश्या घोंघावतायत. टाकीच्या तोंडावर मात्र एकही नाही!"

"बरंच झालं की!" साहिल म्हणाला.

"अरे शहाण्या, उष्टं तेच, शेण तेच. मग माश्यांना काय टाकीचा राग आलाय?"

प्रश्न बिनतोड होता. साहिल वाकला. टाकीच्या तोंडाशी पांढरी पुटे चढली होती. त्याने दुरूनच वास घेतला.

"अगं, हा तर आमच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलचा वास!"

"थापा!"

"शप्पथ!"

दिशाने डोळे विस्फारले. "टीसीएल! विहिरीतलं पाणी शुद्ध करायला टाकतात ती पावडर! गावात ती फक्त कुशाबाकाकांकडे असते!"

"चला, पकडू या त्यांना!" साहिल धावला, पण शमाने त्याची कॉलर धरली.

"थांब! अब्बांवर नुसत्या संशयानं आळ आला. आपणही काकांवर तसाच घ्यायचा? संशय म्हणजे पुरावा नव्हे!"

साहिल माघारी फिरला.

पुरावा कसा उभा करायचा ते आत्याने शिकवले. तीन बाटल्या घेतल्या. पहिलीत शेणकाला; दुसरीत शेणकाल्यात ढाब्याचे उष्टे, तेला-तिखटासह; तिसरीत त्याच मिश्रणात टाकीच्या तोंडाशी साचलेला पांढरा गाळ. प्रत्येकीच्या तोंडावर एक फुगा बांधला आणि बाटल्या उबदार कोपऱ्यात ठेवल्या. काही दिवसांत पहिला फुगा ताठ झाला. दुसरा त्याहूनही टम्म फुगला! तिसरा मात्र भिजलेल्या मोज्यासारखा लोंबत राहिला.

"चाचा, तुमच्या रश्श्याला शंभरपैकी शंभर!" साहिल ओरडला.

आता पावडर टाकणारा हात तेवढा दिसायला हवा होता. पावडर टाकणारा टाकीच्या वासालाच भीत असणार, तेव्हा त्याला वासानेच ओढावे, असे शमाने सुचवले. त्या संध्याकाळी विहिरीपाशी, कुशाबांना ऐकू जाईल अशा बेताने, दिशा किंचाळली, "शी! टाकीला काय घाण येतेय! उद्या पुण्याहून आत्याचे साहेब येणार, नाक दाबून पळतील!" साहिलने तर ओकारी काढून दाखवली. अभिनय जरा जास्तच झाला.

दुसऱ्या सकाळी करवंदीच्या जाळीआड तिघे दबा धरून बसले. सोबत आत्या, नथूआजोबा आणि त्या तीन बाटल्या.

"मोठ्यानं चावू नकोस!" दिशा कुजबुजली.

"करवंद मोठ्यानं चावताच येत नाही!" साहिल पुटपुटला.

एवढ्यात कुशाबा आले. त्यांनी बादलीतली पांढरी पावडर टाकीच्या तोंडात मनोभावे ओतली.

"कुशाबाकाका!"

बादली हातातून सुटली; पण कुशाबा ओशाळले नाहीत. "चोरी केली का म्या? गावाला सोच्छतेचं बक्षीस हाय! पावडरीनं हिरीचं पानी शुद्ध व्हतं, मंग टाकी का न्हाई व्हनार?"

युक्तिवाद चोख होता. चूक त्याच्या मुळाशी होती. उत्तर शमाने दिले.

"काका, विहिरीतले जंतू मारायचे असतात. टाकीतले पाळायचे असतात, गाईम्हशींसारखे! तेच उष्टं खाऊन गॅस देतात."

तिने तीन बाटल्या त्यांच्यापुढे मांडल्या आणि कोणत्या बाटलीत काय ते सांगितले. कुशाबांनी तो लोंबता फुगा बोटाने चाचपला.

"म्हंजी मारत मी हुतो," ते हळू म्हणाले, "अन् नाव बाबालालचं घेत हुतो."

ते तडक ढाब्यात गेले आणि हात जोडले. "बाबालाल, चुकलं माझं."

"बस, कुशाबा. च्या घे," बाबालालचाचा म्हणाले. "चूल लाकडाची हाय. धूर लागंल, तेवढा सोस."

त्यानंतर कुशाबांनी विसावा घेतला नाही. आत्याच्या सांगण्यावरून टाकी बरीचशी उपसली. गावातल्या गोठ्या-गोठ्यांतून ताजे शेण त्यांनी स्वतः वाहून आणले. ढाब्याचे उष्टेही रोज तेच घालू लागले, मात्र थोडे थोडे, आजाऱ्याला पेज द्यावी तसे.

मृग तोंडावर आला. एका सकाळी बाबालालचाचांनी शेगडीची चावी फिरवून काडी लावली. भप्प! निळी ज्योत!

"पेटली! पेटली!" मुलांनी ढाबा डोक्यावर घेतला. पहिला चहा चाचांनी कुशाबांपुढे ठेवला आणि मुलांपुढे गरमागरम भजी.

"पोरांनो, माझं नाव तुमी राखलंत," ते म्हणाले.

"वाद घालावा तर असा, बाटल्या हातात घेऊन!" आत्याने शमाची पाठ थोपटली. "तुमचे उपकार आहेत माझ्यावर."

नथूआजोबा पुढे आले. ज्योतीकडे पाहत त्यांनी कमरेचा कोयता काढला, ढाब्याच्या खुंटीला अडकवला आणि निवाडा दिला.

"औंदा राब न्हाई."