खोटा ग्रामोफोन ओळखायचा कसा

आमच्या गल्लीत तिला सगळे चिमटा म्हणतात. एक तर घड्याळं आणि ग्रामोफोन दुरुस्त करते म्हणून हातात कायम चिमटा, आणि दुसरं म्हणजे तोंड उघडलं की समोरच्याला तो बसतोच. खोटी वस्तू दिसली की तिला गप्प बसवत नाही. पाहुणी म्हणून गेलेल्या घरात "हे घड्याळ जुनं नाही हं, जुनं केलेलं आहे" असं सांगून, वर दुसरा चहा मागून आलेली बाई आहे ती.

तर झालं असं. शेजारच्या काकूंनी त्यांचा कर्ण्याचा ग्रामोफोन पॉलिशसाठी जुन्या वस्तूंच्या दुकानात दिला होता. काकांच्या मागे त्यांच्याकडे उरलेली तेवढीच एक बोलकी वस्तू. परत आला तो नुसता चकचकीत.

"बघतेस का गं जरा?" काकू म्हणाल्या. "घरात आल्यापासून परका परका वाटतोय."

चिमटाने पेटी उलटी केली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळे स्क्रू अधिक चिन्हाच्या खाचेचे. त्या काळात असले स्क्रू होते तरी का? लाकडावर बूटपॉलिशचा वास. कर्ण्याचा सांधा इतका खडबडीत की बोट कापावं. खरं यंत्र ठेवून घेऊन म्हातारीच्या गळ्यात हे पितळी खेळणं बांधलं होतं.

तिने चिमट्याच्या टोकाने पेटीच्या बुडाशी एक वाकडा ओरखडा काढला, माशासारखा. उद्या तो दुकानदार "हा आमचा नव्हेच" म्हणायला नको. मग काकूंना आणि यंत्राला रिक्षात घातलं आणि दुकान गाठलं.

दुकान लांबट होतं, बोळासारखं. दोन्ही बाजूंना आरसे, दिवे, खुर्च्या. जुनं दुकान म्हटलं की धूळ हवी ना, तर धुळीचा कणही नव्हता. दुकानदार मऊ आवाजाचा, नीट भांग पाडलेला. चिमटाने त्याचं नाव तिथल्या तिथे साखरतोंड्या ठेवलं.

"ताई, हे त्यांचंच यंत्र आहे," तो म्हणाला. "खोटं कुठे आहे ते दाखवा तरी."

"दाखवते की. हे स्क्रू बघा. खऱ्याला एकाच आडव्या खाचेचे असतात."

"अजून?"

"ही सुईपासून कर्ण्याकडे जाणारी नळी. खरी असेल तर सुईपाशी बारीक आणि पुढे रुंद होत जाते. ही सगळीकडून सारखी. बागेतला पाइप आहे हा."

"अजून?"

तिने सगळं सांगितलं. तो लिहून घेत नव्हता, वाद घालत नव्हता, नुसता तिच्या तोंडाकडे बघत होता. शाळेत एखादा फार हुशार मुलगा बघतो ना, तसा.

"ठेवून जा," तो म्हणाला. "गुरुवारी या."

त्या संध्याकाळी घरी तिची नुसती तडतड चालली होती. बाबा शांतपणे ऐकत होते. ही कला तिला शिकवली बाबांनीच. आता त्यांची नजर अधू झालीय, पण रोज संध्याकाळी स्वतःच्या ग्रामोफोनवर एक तबकडी लावतात. डाव्या हाताने हँडल फिरवतात आणि सुई टेकवण्याआधी पेटीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करतात. लहानपणी तिने विचारलं होतं कशाला म्हणून. म्हणाले होते, "झोपलेल्याच्या खोलीत शिरताना दार वाजवतो की नाही? तसं."

"तू त्याला सगळं सांगितलंस?" बाबांनी विचारलं.

"मग काय, सोडते काय?"

बाबांनी टकटक केली आणि सुई टेकवली.

गुरुवारी दुकानात ग्रामोफोन टेबलावर मांडून ठेवला होता. चिमटाने आधी बूड बघितलं. वाकडा मासा जागच्या जागी. म्हणजे यंत्र तेच. पण स्क्रू एका खाचेचे, गंजलेले, आणि एकाची खाच पेचकस घसरून कधीकाळी फाटलेली. नळी सुईपाशी बारीक, पुढे रुंद. लाकडाला बूटपॉलिशचा नाही, मुरलेल्या तेलाचा वास.

"आता?" साखरतोंड्या म्हणाला.

"आता काय? दुसऱ्या कुठल्यातरी गरिबाच्या यंत्राचे भाग काढून घातलेत."

"जाऊ दे गं," काकू मागून पुटपुटल्या. "छान दिसतोय."

"काय जाऊ दे, काकू? तुमचा कुठाय तो?" ती गरकन वळली. "ऐका साहेब. जुने भाग घालून यंत्र जुनं होत नसतं. त्याला वापरणारा माणूस लागतो. आमच्या बाबांच्या हँडलची लाकडी मूठ बघा एकदा. डाव्या अंगठ्याने झिजून खळगा पडलाय तिला, चिंचोका बसेल एवढा. आहे तुमच्याकडे तसा खळगा?"

"अजून?"

"अजून म्हणजे..." ती इतकी भडकली होती की थांबताच येईना. "खरं यंत्र असलं की माणूस त्याच्याशी माणसासारखा वागतो. बाबा सुई टेकवण्याआधी दार वाजवतात त्याचं. ते कुठून आणाल?"

साखरतोंड्याने मान डोलावली. अगदी कृतज्ञपणे.

घरी आल्यावर तिने सहज म्हणून बाबांच्या ग्रामोफोनवरची धूळ पुसायला घेतली. फडकं एका स्क्रूला अडकलं. तिने वाकून बघितलं. अधिकच्या खाचेचा स्क्रू, कोरा.

तिने एकेक स्क्रू बघितला. सगळे तसेच. नळी सुईपासून कर्ण्यापर्यंत सारखी.

"बाबा, हे कोणाला दिलं होतं दुरुस्तीला?"

"कोणाला देणार? घराबाहेर कधी गेलाय तो?" आतून आवाज आला.

"मग कोण आलं होतं घरात?"

"कोणी नाही गं. चहा टाक."

चहा कसला टाकते. चपला अडकवल्या आणि तशीच दुकानाकडे धावली. वाटेत तिने साखरतोंड्यासाठी सगळ्या शिव्या ओळीत लावून ठेवल्या होत्या. चोर. दरोडेखोर. म्हाताऱ्या माणसाच्या घरात शिरतोस?

दुकानात काकू होत्या, यंत्र न्यायला थांबलेल्या. चेहरा उजळलेला.

"ये ये. आता अगदी माझाच वाटतोय बघ."

चिमटाने हँडल धरलं. मुठीवर खळगा होता. तिने त्यात अंगठा ठेवला. लहानपणापासून ठेवत आली होती, बोटाला पाठ होता तो.

"काकू, तुमच्या हँडलला असा खळगा होता?"

"असेल गं. काकांचा असेल."

"काका डावरे होते?"

काकू विचारात पडल्या.

साखरतोंड्याने तबकडी लावली. सुई उचलली. मग पेटीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केली. हात डावा होता.

"आता कुठे खोटं आहे, ताई?"

ओळीत लावलेल्या शिव्यांतली एकही बाहेर आली नाही. जन्मात पहिल्यांदा चिमटाने तोंड मिटून घेतलं. तिला आत्ता कळलं होतं की त्याला जे जे मिळालं ते सगळं तिनेच दिलं होतं, बोलून.

ती घरी पळाली.

बाबा खुर्चीत होते. संध्याकाळची तबकडी लावायची वेळ. तोच सदरा, तोच चष्मा.

"किती उशीर," ते म्हणाले. आवाज तोच.

त्यांनी हँडल धरलं. उजव्या हाताने. सराईतपणे चावी दिली आणि सुई सरळ तबकडीवर टेकवली.

गाणं सुरू झालं. छान वाजत होतं.

ती त्यांच्या हाताकडे बघत राहिली.

"काय गं?" बाबा मऊ आवाजात म्हणाले. "काही चुकलं का? सांग की."

सांगावंसं वाटलं तिला. इतकं वाटलं. एकदा सांगितलं असतं तर उद्यापासून सगळं बरोबर झालं असतं.

"काही नाही," ती म्हणाली.

बाबांनी सुई उचलली. गाणं थांबलं. तिच्या नजरेच्या वाटेने त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं, आणि हँडल डाव्या हातात घेतलं.

मग बोटाच्या पेराने पेटीवर एकदा टकटक केली. थांबले. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं.

पुन्हा एकदा केली. पुन्हा बघितलं.

तिने डोळे मिटले, पण उशीर झाला होता.

"हं," बाबा म्हणाले. "दोनदा."